नोटीस मालकाची, दंड कामगाराला

अमेरिकेत सप्टेंबर लागला की मोठ्या कंपन्या, महापालिका, शाळा-मंडळं आणि युनियनचे विमानिधी आपापल्या कामगारांना आणि निवृत्तांना एक पत्र धाडतात. दोन-तीन पानी, सरकारी नमुन्यावरून उतरवलेलं, वाचताना डोळा लागावा असं. मथळा साधारण असा असतो: तुमचा औषधविमा आणि मेडिकेअर यांविषयी महत्त्वाची सूचना. बहुतेक घरांत ते जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत जातं. पुढे कधीतरी, पाच-सात वर्षांनी, त्याच कागदासाठी कपाटं उपसली जातात. कारण एखाद्या निवृत्ताच्या औषधविम्याच्या हप्त्यावर जन्मभराचा दंड बसायचा की नाही, हे त्या कागदावर अडलेलं असतं.

हे पत्र पाठवणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ते पाठवलं नाही, किंवा चुकीचं पाठवलं, तर त्याची झळ मात्र सहसा मालकाला लागत नाही, ती लागते निवृत्त झालेल्या कामगाराला. या विषयावर एचआरवाल्यांसाठी आणि वकिलांसाठी पुष्कळ लिहिलं जातं आणि त्यात तारखा, नमुने, मुदती सगळं बिनचूक असतं. ज्याच्यासाठी ही सगळी यंत्रणा उभी केली त्याच्या बाजूने पाहिलं, की तिचा तोल कसा ढळला आहे ते दिसतं.

मुळात औषधांचा विमा हा मेडिकेअरमध्ये उशिरा आलेला पाहुणा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली तेव्हा त्यात इस्पितळाचा खर्च होता (पार्ट ए) आणि डॉक्टरांचा होता (पार्ट बी). घरी बसून घ्यायच्या गोळ्यांचा नव्हता. त्या काळी औषधं तुलनेने स्वस्त होती आणि खरी धास्ती इस्पितळाच्या बिलाची होती. पुढच्या दोन-तीन दशकांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्यावरच्या रोजच्या गोळ्यांनी हे चित्र उलटं केलं. मधली पोकळी ज्यांनी भरली ते जुने मालक होते. पोलाद, मोटारी, टेलिफोन, विमानं अशा उद्योगांतल्या कामगारांना निवृत्तीनंतरही कंपनीचा विमा मिळे आणि त्यात औषधं येत.

या सोयीनेच पहिला मोठा प्रयत्न बुडवला, हे आज फारसं कोणाला आठवत नाही. १९८८ साली रेगन यांच्या सहीने मेडिकेअरमध्ये औषधांचा समावेश करणारा कायदा झाला. त्याचा खर्च म्हाताऱ्यांनीच सोसायचा होता, ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांनी अधिभार भरून. ज्यांना जुन्या कंपनीकडून औषधं आधीच मिळत होती ते चिडले. फुकट मिळतंय त्याच्यासाठी पैसे का मोजायचे? ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत संतापलेल्या ज्येष्ठांनी खासदार डॅन रोस्टेनकोव्स्की यांची गाडी अडवली. त्यांना गाडी सोडून चालत निघावं लागलं आणि हे दृश्य देशभर टीव्हीवर दिसलं. वर्ष संपायच्या आत काँग्रेसने तो कायदा मागे घेतला.

म्हणून २००३ साली पुन्हा हा विषय हातात घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. औषधविमा ऐच्छिक ठेवायचा, आणि ज्यांना मालकाकडून चांगला विमा मिळतोय त्यांना डिवचायचं नाही. प्रतिनिधिगृहातलं मतदान पहाटे सुरू झालं आणि बहुमत जुळेपर्यंत जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं गेलं. ८ डिसेंबर २००३ रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची सही झाली आणि १ जानेवारी २००६ पासून मेडिकेअरचा पार्ट डी, म्हणजे औषधांचा भाग, सुरू झाला.

ऐच्छिक विमा म्हटला की एक जुनी अडचण येते. घर पेटल्यावर आगीचा विमा काढायची मुभा दिली तर आधी कोणीच काढणार नाही. निरोगी माणूस थांबेल, आजारी तेवढा येईल आणि हप्ता आभाळाला भिडेल. त्यामुळे उशिरा येणाऱ्याला दंड ठेवला. पण मालकाचा विमा असलेल्या माणसाला दंड लावणं अन्यायाचं, कारण तो काही लबाडीने थांबलेला नसतो. तेव्हा सूट ठरली: ज्याच्याकडे पार्ट डीच्या तोडीचा औषधविमा आहे त्याने हवं तितकं थांबावं. नियमात याला क्रेडिटेबल कव्हरेज म्हणतात. ही संज्ञा आणि तिच्या मागोमाग येणारी ६३ दिवसांची मर्यादा १९९६ च्या हिपा कायद्यातून उचललेली आहे. तोडीच्या विम्याशिवाय सलग ६३ दिवस किंवा जास्त गेले की दंडाचं मीटर चालू होतं.

आता प्रश्न उरतो की आपला विमा तोडीचा आहे हे कामगाराला कळणार कसं? त्याला कळूच शकत नाही. ते हिशेबनिसाचं काम आहे. विम्याचं पुस्तक कितीही वाचलं तरी ही योजना सरासरीने पार्ट डीइतका खर्च उचलते की नाही, हे माणसाला घरी बसून ठरवता येत नाही. म्हणून कायद्याने ते ठरवून सांगण्याचं काम मालकावर टाकलं. नोटिशीचा जन्म इथला.

हे कर्तव्य फक्त मोठ्या कंपन्यांचं आहे, किंवा फक्त निवृत्तांबाबत आहे, असा समज सर्रास आढळतो. दोन्ही खोटं. पाच माणसांचं दुकान असलं आणि त्याच्या गटविम्यात औषधं असली तरी नियम लागू होतो. सरकारी संस्था, चर्च, युनियनचे निधी, कोणीही सुटत नाही. नोटीस जायला हवी ती पार्ट डीला पात्र असलेल्या प्रत्येकाला: पासष्टी ओलांडूनही कामावर असलेल्याला, निवृत्ताला, अपंगत्वामुळे किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे तरुणपणीच मेडिकेअरमध्ये आलेल्याला, कोब्रा कायद्याखाली जुना विमा स्वखर्चाने चालू ठेवलेल्याला, आणि यांच्यापैकी कोणाच्याही विम्यावर असलेल्या नवऱ्याला, बायकोला, मुलाला. कोणाच्या घरी कोण पात्र आहे हे मालकाला ठाऊक नसतं, म्हणून शहाणे मालक सरसकट सगळ्यांना नोटीस देऊन मोकळे होतात. एकच पळवाट आहे: मालकाने स्वतःच्या निवृत्तांसाठी थेट पार्ट डीचीच गटयोजना घेतली असेल, तर तिथे तोडीचं-बिनतोडीचं असा सवालच येत नाही.

वेळाही ठरलेल्या आहेत. दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आधी, कारण त्या दिवशी पार्ट डीची वार्षिक नोंदणी उघडते आणि ७ डिसेंबरला बंद होते. (पहिल्या वर्षी, २००५ मध्ये, ही तारीख १५ नोव्हेंबर होती.) माणूस पहिल्यांदा पात्र होण्याच्या आधी. तो मालकाच्या योजनेत नव्याने येण्याच्या आधी. योजनेतली औषधं बंद झाली किंवा तिचा दर्जा बदलला तर तेव्हा. आणि कोणी मागितली तर मागेल तेव्हा. 'आधी' म्हणजे मागच्या बारा महिन्यांत केव्हाही, अशी सवलत असल्याने सप्टेंबरची एक नोटीस बहुतेक कामं भागवते. याखेरीज मालकाने मेडिकेअर चालवणाऱ्या केंद्रीय संस्थेला, म्हणजे सीएमएसला, योजनेचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन अर्ज भरून आपल्या योजनेचा दर्जा कळवायचा असतो. योजना बंद पडली किंवा दर्जा बदलला तर ३० दिवसांत.

नोटीस वेगळ्या पाकिटातच हवी असं नाही. बेनिफिट्सच्या जाडजूड पुस्तिकेत घातली तरी चालते. फक्त पहिल्या पानावर, निदान १४ पॉइंटच्या अक्षरांत, चौकटीत किंवा ठळकपणे, ती आत कुठे आहे हे सांगावं लागतं. अक्षराच्या आकारापर्यंत उतरणारा हा नियम ज्याने लिहिला त्याला ज्येष्ठांच्या नजरेची कदर होती, असं म्हणायला जागा आहे. ईमेलची गोष्ट निराळी. ज्याचं रोजचं कामच संगणकावर चालतं त्या कामगाराला ईमेलने नोटीस देता येते आणि आपल्या घरच्यांना ती दाखवण्याची जबाबदारी मग त्याच्यावर येते. निवृत्ताला त्याच्या संमतीशिवाय तसं करता येत नाही.

या 'घरच्यांना दाखवा'मध्ये किती माणसं अडकतात! नवरा अठ्ठावन्नचा आणि नोकरीत, बायको सहासष्टची आणि त्याच्या विम्यावर. पार्ट डीला पात्र ती, नोटीस मात्र त्याच्या ऑफिसच्या इनबॉक्समध्ये, दोनशे न वाचलेल्या मेलांच्या खाली. एका घरात एकच नोटीस पुरते असं नियम म्हणतो. नोटीस बजावल्याची नोंद मालकाच्या दफ्तरी पक्की होते आणि जिचा प्रश्न आहे तिला पत्ताही नसतो.

तोडीचा विमा म्हणजे काय, हा प्रश्न वीस वर्षं कंटाळवाणा होता. २०२५ पासून तो जिवंत झाला आहे. मूळ कसोटी अशी: मालकाची योजना सरासरीने जितका खर्च उचलते तो पार्ट डीच्या प्रमाण योजनेइतका किंवा जास्त हवा. हे ठरवायला विमागणिती लागतो, म्हणून एक सोपी रीतही दिली होती. ब्रँडेड आणि जेनेरिक दोन्ही औषधं मिळायला हवीत, जवळपासच्या औषधदुकानांतून घेता यायला हवीत, खर्चाचा सरासरी ६० टक्के भार योजनेने उचलायला हवा, आणि आणखी काही मर्यादा. बहुतेक मालकांच्या योजना ही पायरी सहज चढत. कारण उघड होतं. २००६ चा पार्ट डी स्वतःच कंजूष होता. २५० डॉलर आधी स्वतः भरायचे, मग एकूण २,२५० डॉलरच्या खर्चापर्यंत पाव हिस्सा स्वतःचा, आणि त्यापुढे खिशातून ३,६०० डॉलर जाईपर्यंत सगळंच स्वतःचं. या मधल्या खड्ड्याला लोक डोनट होल म्हणत.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी बायडन यांनी सही केलेल्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने हा खड्डा उरलासुरलाही बुजवला. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही, आणि २०२५ पासून वर्षभरात औषधांवर खिशातून २,००० डॉलरपेक्षा जास्त नाही. २०२६ साठी ही मर्यादा २,१०० डॉलर आहे. ज्येष्ठांसाठी ही उत्तम गोष्ट. पण पार्ट डी उदार झाला म्हणजे तोडीचं माप उंचावलं. मालकाने आपल्या योजनेतलं एक अक्षरही बदललं नाही, तरी काल तोडीची असलेली योजना आज तोकडी ठरू शकते. सगळ्यात जास्त धोका आहे तो मोठ्या डिडक्टिबलच्या, म्हणजे आधी मोठी रक्कम स्वतः भरायच्या, योजनांना, ज्यांच्यासोबत एचएसए हे करमुक्त बचतखातं मिळतं. पार्ट डीच्या प्रमाण योजनेचं डिडक्टिबल २०२६ मध्ये ६१५ डॉलर, तर एचएसएच्या योजनेचं कायद्यानेच किमान १,७००. त्यातून औषधांचा खर्चही योजना बहुधा डिडक्टिबल भरल्यावरच उचलू लागते. सीएमएसने २०२६ साठी सोपी रीत सुधारून भार ६० ऐवजी ७२ टक्के केला आणि त्या एका वर्षापुरती जुनी किंवा नवी रीत निवडायची मुभा दिली. म्हणजे एकाच वर्षी, एकाच दर्जाच्या दोन योजना, एका मालकाच्या हिशेबात तोडीच्या आणि दुसऱ्याच्या हिशेबात बिनतोडीच्या. कामगाराने यातून काय बोध घ्यायचा?

त्याने घ्यायचा तो एवढाच: गेल्या वर्षीच्या नोटिशीवर विसंबू नये. दर शरदात आलेला कागद उघडून त्यातलं एकच वाक्य शोधावं, आपला विमा तोडीचा आहे की नाही. उरलेला मजकूर दरसालचाच असतो.

दंडाचा हिशेब सोपा आहे आणि म्हणूनच बोचरा आहे. तोडीच्या विम्याशिवाय गेलेल्या प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय पायाभूत हप्त्याचा १ टक्का. हा पायाभूत हप्ता २०२४ मध्ये ३४.७० डॉलर होता, २०२५ मध्ये ३६.७८ आणि २०२६ मध्ये ३८.९९. समजा कोणी ४० महिने उशिरा आला. ४० टक्के म्हणजे महिन्याला १५.६० डॉलर, वर्षाला १८७.२० डॉलर. अमेरिकेच्या मानाने ही रक्कम मोठी नाही, असं कोणी म्हणेल. पण ती एकदा भरून संपत नाही. पार्ट डी आहे तोवर, म्हणजे बहुधा आयुष्य आहे तोवर, दर महिन्याला ती हप्त्यावर चढते. शिवाय ती गोठलेली नसते. पायाभूत हप्ता वाढला की दंडही वाढतो, आणि गेली काही वर्षं तो हप्ता कायद्याने घातलेल्या कमाल मर्यादेइतका, सालाला ६ टक्क्यांनी, वाढतो आहे. शून्य हप्त्याची योजना घेतली तरी दंड सुटत नाही. फक्त 'एक्स्ट्रा हेल्प' ही कमी उत्पन्नवाल्यांची मदत मिळणाऱ्याला तो माफ असतो.

आणि मालकाला? निवृत्तांच्या औषधखर्चासाठी सरकारी अनुदान घेणाऱ्या मालकाला नोटीस न दिल्यास अनुदान धोक्यात येतं. बाकीच्यांना नोटीस चुकवल्याबद्दल केंद्र सरकारचा ठरलेला दंड नाही. तुलना करून पाहावी: कोब्राची नोटीस वेळेवर न देणाऱ्या योजनेच्या प्रशासकाला कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकतं. औषधविम्याच्या नोटिशीला तसं काही नाही. मालकाने खोटी माहिती देऊन कामगाराचं नुकसान केलं तर एरिसा या १९७४ च्या कायद्याखाली दाद मागता येते. व्हॅरिटी कंपनीने कामगारांना फसवून तोट्यातल्या उपकंपनीत ढकललं होतं, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कामगारांच्या बाजूने निकाल दिला. पण महिन्याला पंधरा डॉलरच्या दंडासाठी केंद्रीय न्यायालयात कोण जाणार? वकिलाची एका तासाची फी काही वर्षांच्या दंडाहून जास्त असते.

अनुदानाचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा, कारण मालकाला या व्यवस्थेत जी एकमेव वेसण होती ती तीच. २००३ च्या कायद्याने, निवृत्तांना तोडीचा विमा चालू ठेवणाऱ्या मालकाला त्यांच्या औषधखर्चाचा २८ टक्के परत मिळू लागला. २००६ मध्ये प्रत्येक निवृत्तामागे २५० ते ५,००० डॉलरमधल्या खर्चावर, म्हणजे जास्तीत जास्त १,३३० डॉलर. वर हे अनुदान करमुक्त, आणि त्यातून केलेल्या खर्चावर करात वजावटही. ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्याने २०१३ पासून ही दुहेरी चैन बंद केली. कायदा होताच एटी अँड टीने एक अब्ज डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला, जॉन डिअरने १५ कोटींचा, कॅटरपिलरने १० कोटींचा. त्यानंतर मालक भराभर या अनुदानातून बाहेर पडून पार्ट डीच्या गटयोजनांकडे वळले. जे अनुदानात राहिले तेवढ्यांनाच नोटीस चुकवण्याचा आर्थिक धाक उरला, आणि असे आता थोडे आहेत.

मुळात निवृत्तांना विमा देणारे मालकच आटत चालले आहेत. १९९० साली हिशेबतपासणीचा एक नियम आला, एफएएस १०६. निवृत्तांच्या आरोग्यखर्चाचं भावी ओझं ताळेबंदात आजच दाखवा, असं त्याने कंपन्यांना सांगितलं. ओझं डोळ्यांना दिसल्यावर ते कमी करायची घाई सुरू झाली. कामगारांना विमा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी ६६ टक्के १९८८ मध्ये निवृत्तांनाही देत. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास घुटमळतं. कराराने जन्मभराची हमी दिली आहे असं समजणाऱ्या कामगारांनाही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या एम अँड जी पॉलिमर्स प्रकरणात जमिनीवर आणलं: करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर ती हमी गृहीत धरता येणार नाही. म्हणजे ज्या निवृत्तासाठी १९८९ मध्ये एवढं रामायण झालं तो स्वतःच दुर्मिळ होत गेला आणि त्याची जागा पासष्टीनंतरही कामावर जाणाऱ्याने घेतली. नियम मात्र त्याच जुन्या निवृत्ताला डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला आहे.

नोटिशीत न मावणारे किंवा वाचूनही निसटणारे काही सापळे आहेत. पहिला सगळ्यांत क्रूर. कंपनीचा निवृत्तांचा विमा असताना कोणी 'दोन असले तर बरंच' म्हणून पार्ट डी घेतो. कित्येक कंपन्यांच्या नियमाप्रमाणे त्याचा औषधांचाच नव्हे तर सगळा वैद्यकीय विमा त्या क्षणी संपतो, बायकोचाही, आणि पुन्हा मिळत नाही. असं होणार का, हे नोटिशीत लिहायलाच हवं असतं. ते मजकुराच्या पोटात असतं आणि तिथपर्यंत क्वचितच कोणी पोचतं. दुसरा सापळा कोब्राचा. नोकरी सुटल्यावर १८ महिने जुना विमा चालू ठेवला, तो पार्ट डीच्या तोडीचाही निघाला, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण पार्ट बीच्या हिशेबात कोब्रा चालत नाही. तिथे प्रत्यक्ष नोकरीवर असल्यामुळे मिळणारा विमाच धरतात. औषधांचा दंड वाचतो आणि डॉक्टरांचा बसतो, तोही उशिराच्या दर बारा महिन्यांमागे १० टक्के, जन्मभर. तिसरा, एचएसए. मेडिकेअरचा कुठलाही भाग सुरू झाला की त्या खात्यात पैसे टाकता येत नाहीत. पासष्टीनंतर कधीतरी अर्ज केला तर पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो, त्यामुळे मधल्या काळात टाकलेले पैसे चुकीचे ठरतात.

मराठी माणसाचा याच्याशी संबंध योगायोगाने जुळलेला नाही. मेडिकेअरचा कायदा झाला त्याच १९६५ साली, दोन महिन्यांनी, अमेरिकेने स्थलांतराचे दरवाजे आशियाई इंजिनिअर-डॉक्टरांसाठी उघडले. पुण्या-मुंबईतून, नागपुरातून तेव्हा गेलेली पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, आणि संगणकाच्या लाटेवर गेलेली पिढी पासष्टीला टेकते आहे. यांना नोटिशी मिळतात. पण त्यांनी न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात येऊन राहिलेल्या आपल्या आईवडिलांची काळजी जास्त करायला हवी. ग्रीन कार्ड मिळून सलग पाच वर्षं अमेरिकेत राहिलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला मेडिकेअर विकत घेता येतं. घेतलं की पार्ट डीची पात्रता येते आणि सात महिन्यांची पहिली नोंदणीची मुदत सुरू होते. मुलाच्या कंपनीच्या विम्यावर आईवडील सहसा नसतात, त्यामुळे नोटीस पाठवणारा मालकच त्यांना नसतो. भारतातून बॅगेत आलेल्या गोळ्यांवर भागतंय म्हणून पार्ट डी लांबवला, की महिने मोजले जाऊ लागतात.

उलट दिशेने, निवृत्त होऊन पुण्यात येऊन राहिलेल्यांची गोष्ट थोडी दिलाशाची आहे. पार्ट डीला पात्र व्हायला अमेरिकेत त्या योजनेच्या क्षेत्रात राहावं लागतं. कोथरूडला घालवलेले महिने त्यामुळे या दंडात धरले जात नाहीत, आणि परत गेल्यावर नोंदणीला दोन महिन्यांची खास मुदत मिळते. पार्ट बीचं तसं नाही. त्याचे महिने कोथरूडमध्येही चालूच राहतात. इतक्या जवळच्या दोन नियमांनी इतकं उलट वागावं याचं समर्थन मला कुठे सापडलेलं नाही.

नोटीस मिळाली नाही किंवा फसवी मिळाली तर माणसाने काय करायचं? नियमात तरतूद आहे. विमा तोडीचा नाही हे आपल्याला नीट कळवलं गेलं नव्हतं, असं सीएमएसला दाखवून दिलं तर तो विमा तोडीचा मानून दंड काढता येतो, आणि नोंदणीलाही वेगळी मुदत मिळू शकते. उशिरा नोंदणी केल्यावर पार्ट डीची कंपनी आधीच्या विम्याची विचारणा करणारा फॉर्म पाठवते. त्याला मुदतीत उत्तर द्यायलाच हवं. उत्तर नाही म्हणजे विमा नव्हता, असं धरतात. दंडाचं पत्र आलं तर ६० दिवसांत फेरविचार मागता येतो, पण निर्णय लागेपर्यंत दंड भरत राहावं लागतं. आणि पुरावा काय मागतात? नोटिशी. म्हणजे नोटीस मिळाली नाही हे सिद्ध करायचं ते न मिळालेल्या कागदाच्या आधाराने. बुडालेल्या कंपनीकडे, तीनदा विकल्या गेलेल्या कारखान्याकडे, बंद पडलेल्या एचआर खात्याकडे दहा वर्षांपूर्वीचं पत्र मागायला सत्तर वर्षांच्या माणसाने जायचं.

२००३ साली याला पर्याय नव्हता असं म्हणता आलं असतं. आज म्हणता येत नाही. २००७ च्या एका कायद्याने विमाकंपन्यांना आणि स्वतःच्या खर्चाने विमा चालवणाऱ्या मालकांना मेडिकेअरमधल्या लोकांच्या गटविम्याची माहिती सीएमएसला नियमित कळवावी लागते. २०२० पासून त्यात मेडिकेअरच्या आधी पैसे देणाऱ्या औषधविम्याचीही भर पडली आहे. योजना तोडीची आहे की नाही, हे मालक दरवर्षी वेगळ्या अर्जाने कळवतोच. कोण कुठल्या योजनेत आहे हे एका खिडकीवर, आणि ती योजना कशी आहे हे दुसऱ्या खिडकीवर, दोन्ही एकाच सरकारच्या इमारतीत. दोन्ही जोडल्या, आणि निवृत्तांच्या पूरक विम्याची माहिती देणं आज ऐच्छिक आहे ते सक्तीचं केलं, तर बहुतेक लोकांना कागद जपायची गरजच उरणार नाही. हिपाखालची अशीच प्रमाणपत्रं २०१४ अखेर रद्द झाली, कारण आरोग्य कायद्याने आधीच्या आजाराची अट काढून टाकल्यावर ती निरर्थक झाली होती. कागद काढून टाकता येतो, हे त्यावरून दिसलं आहे.

ते होईपर्यंत निदान पुराव्याचं ओझं फिरवायला हवं. नोटीस वेळेवर आणि योग्य माणसाला दिली हे मालकाने दाखवावं. दाखवता आलं नाही तर दंड त्याने भरावा. मालकांच्या संघटना म्हणतील की छोट्या दुकानदारावर हे फार होतं. खरं आहे, पण छोट्या दुकानदाराच्या योजनेचा दर्जा ठरवण्याचं काम बहुधा विमाकंपनीच करते, आणि नमुना-नोटीस सीएमएसच्या संकेतस्थळावर तयार मिळते, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. तिच्यात नाव घालून पाठवायला फार मोठं खातं लागत नाही.

वाचकांपैकी कोणी अमेरिकेत पासष्टीच्या आसपास असेल, किंवा कोणाची आई, मोठा भाऊ असेल, तर १५ ऑक्टोबरची वाट पाहू नका. एचआरला आजच लिहा, ईमेलनेच, म्हणजे तारीख राहील: आमची औषधयोजना या वर्षी क्रेडिटेबल आहे का, आणि जोडीदारासाठी वेगळी नोटीस द्या. आलेलं उत्तर दर वर्षीच्या नोटिशींसोबत एका फाइलीत ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे मुलांना सांगून ठेवा. मागितल्यावर नोटीस देणं मालकाला बंधनकारक आहे. त्यासाठी पात्रतेचं वय, नोंदणीचा हंगाम किंवा दुसरं कुठलंही निमित्त लागत नाही.